पिंप रिकामं ठेवण्याबद्दल

माझा धाकटा भाऊ सव्वीस वर्षांचा होता तेव्हा आम्ही शहागंजच्या मागच्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. आम्ही म्हणजे आई, भाऊ आणि मी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी तहसील कचेरीत कारकून होते. घराचा जिना बाहेरून होता आणि त्याला पायऱ्या सव्वीस होत्या. भावाचं वय आणि पायऱ्या त्या एकाच वर्षी जुळल्या, मग वय पुढे निघून गेलं.

भाऊ लहान असताना त्याच्याबद्दल डॉक्टर एक शब्द वापरायचे, पुढे दुसरा वापरू लागले आणि शेवटी 'स्वमग्न' या शब्दावर सगळ्यांचं एकमत झालं. आमच्या नात्यात हा शब्द सर्वांत जास्त शोभला असता तो गंगापूरच्या मामांना, पण त्यांना कोणी तपासलं नव्हतं. भाऊ दिवसाला दहा-बारा शब्द बोलायचा. भात, पाणी, चल, नको, एवढ्यावर त्याचं भागत होतं. मला तो आक्का म्हणायचा, तेही आईने दोनदा विचारल्यावर, की ही कोण. अंगाने मात्र उंच आणि दणकट होता. आईच्या माहेरची माणसं मेंढरांमागे आयुष्यभर चाललेली, ती हाडं त्याच्यात उतरली होती. चालायला मेंढरं तेवढी नव्हती.

त्याचं दुपारपर्यंत ठीक असायचं. सकाळी तो मोठ्या मुलांसाठीच्या एका केंद्रात जायचा. तिथे त्या सगळ्यांकडून खडू आणि कागदी पिशव्या बनवून घेत. साडेतीनला घरी यायचा. साडेचारच्या सुमाराला, शाळा सुटून गल्ली भरली की, तो आधी मनगट चावायचा आणि मग कपाळ भिंतीवर आपटायचा. आपटायची जागा ठरलेली होती, कपाटाच्या डावीकडे. आईने तिथे गोधडी खिळ्यांनी ठोकून ठेवली होती. नव्या पाहुण्यांना ती शोभेची वाटायची. मधे कोणी अडवायला गेलं तर तो त्याचे केस धरायचा, आणि धरलेले केस सोडायला त्याला वेळ लागायचा. माझी वेणी त्या वर्षांत बरीच बारीक झाली.

रागाचं म्हणाल तर मीही काही कमी नव्हते. कचेरीत माझ्या टेबलावरचा काचेचा पेपरवेट शिपायाने कधीच काढून नेला होता आणि त्याजागी दगड आणून ठेवला होता. फुटला तरी चालेल, असं त्याने मला समजावून सांगितलं होतं. राग आला की मला आधी कानात गरम वाटतं, मग हात थरथरतो, आणि मग जे हातात असेल ते खाली येतं. भावात आणि माझ्यात फरक एवढाच होता, की माझ्या असल्या वागण्याला लोक स्वभाव म्हणायचे.

एकदा केंद्रात भावाने शेजारी बसणाऱ्या माणसाचे केस धरले. केंद्रातल्या बाईंनी मला बोलावून घेतलं. चहा दिला, तेव्हाच माझ्या लक्षात आलं की काही खरं नाही. त्या म्हणाल्या की आणखी एकदोनदा असं झालं, तर त्याला ठेवून घेणं त्यांना जमणार नाही. केंद्र सुटलं तर मला नोकरी सोडावी लागणार होती, कारण आईचे गुडघे त्याच्यामागे धावण्याचे राहिले नव्हते. नोकरी सुटली तर त्याला कुठेतरी लांबच्या वसतिगृहात ठेवण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. मामा तर तसल्या एका जागेचं नाव दोन वर्षांपासून जपून होते. त्यानंतर आमच्या घरात भाजी कुठली करायची हे विचारतानाही मनात दुसराच प्रश्न असायचा: भाऊ घरी राहणार की जाणार.

केंद्रात कसरत शिकवायला एक सर येत. त्यांच्या गळ्यात शिट्टी असायची, पण ती त्यांनी कधी वाजवली नाही, कारण अर्ध्या लोकांना आवाज सोसत नसे. त्या दिवशी ते माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले. त्यांनी सांगितलं की साडेचारला त्याचं बिनसतं ना, मग चारला त्याला व्यायाम द्या. रमतगमत नको, दम लागला पाहिजे, घाम आला पाहिजे, पंधरा-वीस मिनिटं. काही जणांना याचा फार उपयोग होतो, सगळ्यांना होईलच असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. आणि कॅलेंडरवर खूण करा म्हणाले, ज्या दिवशी आपटेल त्या दिवशी लाल फुली.

मी घरी येऊन आईला सांगितलं. आईला व्यायाम म्हणजे उठाबशा एवढंच माहीत होतं, आणि उठाबशा म्हणजे शिक्षा. तिने विचारलं, "त्येनं काय केलंय म्हणून?" मी म्हटलं, अजून काही नाही, म्हणून तर आधी करायचं. हे तिला पटलं नाही. गुन्ह्याच्या आधी शिक्षा आपल्याकडं नसते, असं तिचं म्हणणं पडलं.

शिक्षा नको म्हणून आम्ही फिरायला न्यायचं ठरवलं. मी कचेरीतून लवकर निघण्याची परवानगी काढली, पण चारला पोहोचायचं म्हणता म्हणता पाच वाजायचे. तोपर्यंत त्याचं आपटून झालेलं असायचं. मग मी त्याला घेऊन घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंत जायची. वाटेत तो प्रत्येक दुकानाच्या शटरला हात लावायचा, एक राहिलं तर परत मागे यायचा. दम मला लागायचा. दोन आठवड्यांनी असं होऊ लागलं, की मी जिना चढताना माझी चाहूल लागली की तो कपाळ एकदा आपटायचा आणि लगेच चपला घालून दारात उभा राहायचा. मी सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, बाई, आपटलं की फिरायला न्यायचं हे त्याने तुम्हाला बरोबर शिकवलं, आता तुम्ही त्याला शिकवा. मला राग आला. सरांच्या टेबलावर फेकण्यासारखं काही नव्हतं.

फुल्यांचं कॅलेंडर भिंतीवर तसंच चालू होतं. ते कॅलेंडर मुळात आईचं. त्या काळी आमच्या भागात नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी यायचं. ज्या दिवशी पाणी येईल त्या तारखेवर आई कोळशाने 'पा' लिहायची, म्हणजे पुढचा अंदाज बांधता यायचा. महिनाअखेरीला पान उलटायला म्हणून मी हात वर केला आणि तो तसाच राहिला. त्या महिन्यात एकोणीस फुल्या होत्या आणि सहा 'पा' होते, आणि एकाही 'पा'वर फुली नव्हती. मागचं पान उलटून पाहिलं. तिथेही नव्हती.

पाणी खालच्या हौदात पडायचं. दुसऱ्या मजल्यापर्यंत चढण्याइतका जोर त्याच्यात नसायचा. दुपारी चारच्या सुमाराला पाणी आलं की घरमालकीणबाई खालून हाक द्यायच्या. त्यांना सगळी गल्ली खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, आम्हीही म्हणायचो. मग भाऊ तेलाचे दोन पत्र्याचे डबे घेऊन खाली जायचा आणि स्वयंपाकघरातलं पिंप, बादल्या, घागरी, जे काही होतं ते सगळं भरेपर्यंत वर-खाली करायचा. आम्ही कधी त्याला व्यायाम म्हटलं नव्हतं. त्याला आम्ही पाणी भरणं म्हणायचो.

मी आईला कॅलेंडर दाखवलं. तिने एकेका 'पा'वर बोट ठेवून पाहिलं. मग म्हणाली, "माझ्या बापाची मेंढरं एक दिवस वाड्यात कोंडली तर धडका द्यायची एकमेकांला. चालून आली की गप. ह्ये तर मला ठाऊकच होतं की गं." ठाऊक होतं तर सांगितलं का नाहीस, असं मी जरा मोठ्यानेच विचारलं. तिचं उत्तर होतं की मेंढरांचं ठाऊक होतं, पोराचं नव्हतं.

त्यानंतर आम्ही पाणी एका दिवसात वर आणायचं बंद केलं. खालांना विचारून आमच्या वाट्याचं पाणी हौदातच ठेवलं आणि रोज चारला लागेल तेवढंच वर आणायचं ठरलं. म्हणजे भावाने आणायचं. आठ फेऱ्या, प्रत्येक फेरीला सव्वीस पायऱ्या. पाचव्या फेरीला त्याच्या मानेवर घाम दिसायचा, आठव्या फेरीनंतर तो पिंपाला पाठ लावून फरशीवर बसायचा आणि गल्लीतला गलका त्याच्या कानावरून निघून जायचा. तो बरा झाला असं मी म्हणणार नाही. महिन्याला तीन-चार फुल्या पडतच होत्या. पण एकोणीसच्या जागी चार, हा फरक ज्याच्या घरात गोधडी ठोकलेली आहे त्यालाच कळतो. मला तर त्या महिन्यात इतका आनंद झाला होता, की कचेरीत मी दोन जणांशी नीट बोलले.

मग मी एक चूक केली. गल्लीत कुजबुज सुरू झाली होती, की बघा, बहीण खुर्चीवर बसून कारकुनी करते आणि असल्या भावाकडून हमाली करून घेते. खालांच्या कानावर गेलं. त्या फार मायाळू बाई होत्या. त्या वर आल्या, भावाच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "बेटी, बच्चे कू कायकू तकलीफ? मैं मोटर बिठा देती." मी त्यांना कॅलेंडर दाखवायला हवं होतं. पण मला लाज वाटली. घामाघूम झालेला तो मोठा माणूस आणि सुटीच्या दिवशी वरून बघणारी मी, हे लोकांच्या डोळ्यांनी एकदा पाहिलं आणि मग मला दुसरं काही दिसेना. मी खालांचे आभार मानले. आठ दिवसांत मोटर बसली, आमच्या पिंपापर्यंत पाइप आला, आणि तेलाचे डबे माळ्यावर गेले. आईने ते वर चढवण्याआधी पुसून कोरडे केले. तिच्या अशा वागण्याचा अर्थ मला नेहमी उशिरा कळतो.

भाऊ चारला जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहायचा, दोन्ही हात डबे धरल्यासारखे मुठी करून. सुटीच्या दिवशी मी ते बघून आईला म्हणायची, बघ, कसा आरामात उभा आहे.

तिसऱ्या आठवड्यात कॅलेंडर लाल झालं. चौथ्या आठवड्यात केंद्रात त्याने पुन्हा केस धरले. या वेळी चहा दिला नाही, पत्र दिलं. महिनाभर बघू, नाहीतर दुसरी सोय करा, असा मजकूर होता. मामांना कोणी कळवलं मला माहीत नाही, पण गंगापूरहून निरोप आला, की मी त्या जागेचा फॉर्म आणतो, दोघींनी सह्या करायची तयारी ठेवा.

मी डबे माळ्यावरून काढले. पण आता अडचण वेगळी होती. मोटर रोज पिंप भरून ठेवायची, आणि भरलेल्या पिंपात पाणी ओतायला भाऊ काही वेडा नव्हता. डबे हातात दिले तर तो पिंपात डोकावून बघायचा आणि डबे खाली ठेवायचा. मोटर बंद ठेवा म्हणून खालांना सांगावं तर बाकीचे भाडेकरू होते. शेवटी आईने मार्ग काढला. पिंपाला खाली तोटी होती. तिला रबरी पाइप लावून आई तो खिडकीतून खाली हौदात सोडायची आणि भाऊ घरी यायच्या आत पिंप रिकामं करायची. चारला भाऊ तेच पाणी डब्यांनी वर आणायचा. दुसऱ्या दिवशी आई ते परत खाली सोडायची. थेंबही वाया जात नव्हता, म्हणून तिच्या जिवाला बरं वाटायचं. खालांना हे सगळं सांगावं लागलं. त्यांनी हौदाकडे बघत विचारलं, की वापरलं तेवढं सोडून पाणी तेच का? मी म्हटलं, तेच. त्यांनी कपाळाला हात लावला, पण त्या दिवसापासून हौदावर कापड बांधून ठेवू लागल्या, की कचरा पडू नये.

फुल्या पुन्हा कमी झाल्या. मी मात्र मनातून खजील होते, की आपण त्याला फसवतो आहोत. त्याला कळत नाही म्हणून निभतंय, असं मला वाटायचं.

एका शनिवारी आईला ताप आला आणि पाइप सोडायचा राहिला. मी अर्ध्या दिवसाच्या कचेरीतून येऊन तिच्या उशाशी बसले होते, माझ्याही लक्षात आलं नाही. चार वाजले. भावाने पिंपात बघितलं. पिंप गच्च भरलेलं. मी उठून गोधडीकडे निघाले. त्याने कोपऱ्यातला पाइप घेतला, तोटीला लावला, दुसरं टोक खिडकीतून खाली सोडलं आणि तोटी उघडून मांडी घालून बसला. पिंप रिकामं होईपर्यंत तो तिथून हलला नाही. मग पाइपची गुंडाळी करून तो होता तिथे ठेवला आणि डबे घेऊन खाली गेला. आई तापात हसली. मला हसू आलं नाही. रविवारी तो घरीच असायचा, त्याला पहिल्यापासून माहीत होतं. आम्ही फसवत होतो तेव्हा तो आम्हाला सांभाळून घेत होता.

पुढच्याच रविवारी मामा जीपने आले. सकाळचे अकरा वाजले होते. भाऊ आतल्या दाराशी बसला होता. मामांनी चहा घेतला, खिशातून फॉर्म काढला, मांडीवर हाताने सपाट केला. जागा चांगली आहे म्हणाले, दोन वेळचं जेवण आहे, आवाराला उंच भिंत आहे. मी कॅलेंडर दाखवलं, पाण्याचं सांगितलं, सरांचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की त्या शिट्टीवाल्याचं ऐकून तू पाणी वर-खाली करत बसणार का जन्मभर? मी म्हटलं, बसेन. तेव्हा ते मऊ आवाजात म्हणाले, "पोरी, मी काय तुझा वैरी हाय व्हय? चौतीस वर्षांची झालीस. ह्यो तिथं गेला की तुझं तरी कुटं जमंल. ह्येच्या पायी तुझ्याकडं कोण बघतंय?"

भावाच्या समोर म्हणाले. मला आधी कानात गरम वाटलं. माझ्या हातात फोडणीच्या पोह्यांचं ताट होतं, त्यांच्यासाठीच आणलेलं. ते मी जमिनीवर आपटलं. स्टीलचं ताट होतं, ते फिरत फिरत भिंतीपर्यंत गेलं आणि बराच वेळ वाजत राहिलं.

तो आवाज भावाला कधीच सोसला नव्हता. आई गुडघ्यावर हात देऊन उठली आणि गोधडीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. मामा फॉर्म धरून भावाकडे बघत होते. मला एका क्षणात कळलं, की जे मी चार महिने जपलं ते मीच आत्ता घालवलं. आता तो आपटणार, मामा बघणार, आणि माझ्याकडे बोलायला काही उरणार नाही.

भाऊ उठला. गोधडीकडे गेला नाही. माझ्यासमोर आला आणि माझ्या हाताकडे बघत उभा राहिला. हात थरथरत होता. मग तो वळला, पाइप तोटीला लावला, खिडकीतून सोडला आणि बसला. आम्ही तिघं पाणी खाली हौदात पडल्याचा आवाज ऐकत राहिलो.  पिंप रिकामं झाल्यावर त्याने दोन्ही डबे घेतले. एक स्वतःकडे ठेवला. दुसरा माझ्यापुढे धरला.

"आक्का," तो म्हणाला, "पाणी."

कोणी विचारलं नव्हतं, की ही कोण.

मी डबा घेतला आणि त्याच्यामागे जिना उतरले. भरलेला डबा घेऊन सव्वीस पायऱ्या चढणं काय असतं हे मला त्या दिवशी कळलं. चार महिने मी ते नुसतं कॅलेंडरवर मोजलं होतं. दुसऱ्या फेरीला मी मामांना काय काय सुनावायचं ते मनात जुळवत होते. चौथ्या फेरीला त्यातलं अर्धं आठवेना. सहाव्या फेरीला हात थरथरत होता, पण तो डब्याच्या वजनाने. मामा जिन्याच्या तोंडाशी येऊन उभे होते. हे काय चाललंय, असं त्यांनी आईला विचारलं.

आई पोहे गोळा करत होती. ती तिथूनच म्हणाली, "रोज त्येचा राग उतरवतो पाण्यानं. आज तिचा उतरवायलाय."

मामांनी फॉर्मची घडी घातली, खिशात ठेवली आणि भिंतीला अंग चोरून आम्हाला वाट दिली. तो फॉर्म पुन्हा बाहेर निघाला नाही.

मला मात्र त्या पायरीवर रडू आलं. माझ्या रागाला चौतीस वर्षं सगळ्यांनी नावं ठेवली होती, माझ्यापुढून पेपरवेट उचलून नेले होते. औषध पहिल्यांदाच कोणीतरी आणून हातात दिलं होतं, आणि देणाऱ्याजवळ ते एवढं एकच होतं. डबा दोन्ही हातांनी धरलेला असल्यामुळे डोळे पुसता आले नाहीत. मी थांबले म्हणून भाऊही मागे थांबला. थोडा वेळ वाट पाहून म्हणाला, "चल." पिंप अजून अर्धंच भरलं होतं.